मोडलेल्या लग्नाचे हप्ते कोणी फेडायचे? महाराष्ट्राच्या आमदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

सविनय नमस्कार.

मी पुण्यात कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. लग्नाला वर्ष-दीड वर्ष, फार तर तीन वर्षं झालेली, मूलबाळ नसलेली जोडपी माझ्याकडे नेहमी येतात. एकत्र राहायचं नाही यावर दोघांचं एकमत झालेलं असतं, घरच्यांनीही ते जड मनाने मान्य केलेलं असतं. मूल नाही म्हणजे ताब्याचा प्रश्न नाही, दोघंही कमावते म्हणजे पोटगीची ओढाताण नाही, तेव्हा हे लवकर मिटेल असं नातेवाइकांना वाटतं. तसं होत नाही. घटस्फोटाला होकार पहिल्याच बैठकीत मिळतो आणि पुढची दोन वर्षं फ्लॅटचा हप्ता, लग्नासाठी काढलेलं कर्ज आणि सासूबाईंच्या लॉकरमधले दागिने यांच्यात जातात.

हे पत्र त्याबद्दल आहे, आणि सगळ्यांत जास्त कर्जाबद्दल. दागिन्यांसाठी कायद्यात बोट ठेवायला जागा तरी आहे. कर्जासाठी तीही नाही. ती करून देणं बऱ्याच अंशी राज्याच्या हातात आहे, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

आज कायदा काय देतो ते आधी सांगते. गोवा, दमण आणि दीव सोडले तर आपल्याकडे लग्न झालं म्हणून कोणाची मालमत्ता सामाईक होत नाही. ज्याच्या नावावर जे आहे ते त्याचं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ ने न्यायालयाला एक मर्यादित अधिकार दिला आहे: लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट म्हणून आलेल्या, दोघांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंबद्दल हुकूमनाम्यात आदेश देण्याचा. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ थोडा सैल केला आणि लग्नाशी संबंध असेल तर आधी किंवा नंतर दिलेल्या वस्तूही त्यात येतील असं सांगितलं. तरी दोघांच्या पगारातून पुढे घेतलेला फ्लॅट त्यात सहसा बसत नाही, आणि कर्जाचा तर त्या कलमात उल्लेखच नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना एवढंही कलम मिळत नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने पती-पत्नींमधले मालमत्तेचे वाद ऐकण्याचा अधिकार या न्यायालयांना दिला खरा. पण कोणत्या सूत्राने वाटायचं, हे त्यात लिहिलेलं नाही.

मग न्यायाधीश काय करतात? नाव बघतात, पावती बघतात, बँकेचा उतारा बघतात. लग्न नवीन असतं तेव्हा या तिन्ही गोष्टी फसव्या असतात. एक हिशेब मांडून दाखवते. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण असे व्यवहार वाकड, हिंजवडी, वाघोलीकडे रोज होतात.

लग्नानंतर चार महिन्यांत एक जोडपं ८० लाखांचा फ्लॅट घेतं. बँक ६४ लाख देते. उरलेल्या १६ लाखांपैकी १० लाख मुलाच्या वडिलांनी आपल्या भविष्य निर्वाह निधीतून दिले, ६ लाख मुलीच्या लग्नाआधीच्या बचतीतले. मुद्रांक शुल्क पुण्यात सात टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, दोघांनी निम्मं निम्मं भरलं. कर्ज २० वर्षांचं, साडेआठ टक्क्यांनी. हप्ता सुमारे ५५,५०० रुपये. दोन वर्षांत त्यांनी बँकेला १३ लाख ३० हजारांच्या आसपास भरले. मुद्दल किती कमी झालं? सुमारे २ लाख ६६ हजार. बाकीचं सगळं व्याज. दोघं वेगळी होतात त्या दिवशी अजून ६१ लाख ३४ हजार रुपये देणं असतं.

आता त्या हप्त्यांकडे बघा. ते सगळे नवऱ्याच्या खात्यातून गेलेले दिसतात. कारण लग्न झाल्यावर दोघांनी बसून ठरवलं होतं: हप्ता त्याने भरायचा, घरखर्च तिने चालवायचा. किराणा, दूध, सोसायटीचा मेन्टेनन्स, वीजबिल, कामवाल्या मावशींचा पगार, सणावाराचं देणंघेणं, सासऱ्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा काही भाग, हे सगळं तिच्या पगारातून गेलं. रकमा जवळजवळ सारख्याच होत्या. पण एकाच्या खर्चाची नोंद बँकेत वीस वर्षांच्या कर्जखात्यावर आहे आणि दुसऱ्याच्या खर्चाची नोंद गल्लीतल्या किराणा दुकानाच्या वहीत. न्यायालयात पहिला कागद पुरावा ठरतो. दुसरा कागद मिळतच नाही. म्हणून तो म्हणतो, घर मी फेडलं. आणि त्याच्या बाजूने बोलणाऱ्याला ते खरंच वाटत असतं, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचं आहे. माझ्यासमोर येणारे बहुतेक नवरे लबाडी करत नसतात. त्यांच्या हातातला कागद त्यांना तेच सांगतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. राज्य सरकारने १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. चांगला निर्णय आहे, मी त्याचं स्वागत केलं होतं आणि आजही करते. या सवलतीसाठी अनेक जोडपी घर फक्त बायकोच्या नावावर घेतात आणि कर्जाला दोघं सहकर्जदार राहतात. लग्न वर्षभरात मोडलं की घर पूर्ण तिचं आणि कर्ज मात्र त्याचंही. तो म्हणतो पैसे मी घातले, ती म्हणते ती भेट होती. अशा वेळी तो मुलगा आणि त्याचे आईवडील माझ्यासमोर बसतात तेव्हा त्यांच्यावर अन्याय होतो आहे हे मला स्पष्ट दिसतं.

यात बँकेची बाजू समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ४३ नुसार सहकर्जदारांपैकी कोणाही एकाकडून बँक पूर्ण कर्ज वसूल करू शकते. त्याच कलमात पुढे असंही आहे की ज्याने भरलं तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकतो. पण त्यासाठी वेगळा दावा, वेगळी वर्षं. घटस्फोटाच्या संमतीच्या अटींमध्ये आम्ही वकील लिहितो, ‘फ्लॅट व त्यावरील कर्ज ही पतीची जबाबदारी राहील.’ न्यायाधीश त्यावर सही करतात. मुलगी सुटल्याच्या भावनेने घरी जाते. ते वाक्य बँकेला बांधत नाही, कारण बँक त्या प्रकरणात पक्षकारच नसते. पुढे नवऱ्याने तीन हप्ते थकवले की फोन तिला येतो, आणि सिबिलचा स्कोअर दोघांचाही घसरतो. त्याने एकही हप्ता चुकवला नाही तरी पुढची अठरा वर्षं तिच्या नावावर ६१ लाखांचं कर्ज दिसत राहतं. ती स्वतःसाठी छोटं घर घ्यायला गेली तर तिची पात्रता त्या कर्जाने आधीच खाल्लेली असते. लग्न दोन वर्षं टिकलं आणि त्याचं कर्ज वीस वर्षं टिकणार, हे कोणत्या न्यायात बसतं?

सहकर्जदाराचं नाव काढायला बँक नकार देते तेव्हा ती हट्टीपणा करते असंही नाही. ५५ हजारांचा हप्ता एकाच्या पगारावर झेपणार आहे का, हे तिला बघावंच लागतं. अनेकदा झेपत नाही. तेव्हा घर विकणं हाच मार्ग उरतो. तो निर्णय पहिल्या महिन्यात घ्यायला हवा आणि तो दुसऱ्या वर्षी घेतला जातो, तोपर्यंत हप्ते थकलेले असतात. परस्पर संमतीचा अर्ज करायलाच एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्यानंतरचा सहा महिन्यांचा थांबा न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, तेवढा दिलासा. पण त्या पहिल्या वर्षात हप्ता कोणी भरायचा याचा आदेश मागायला सोपी वाट नाही.

आणि आता मुद्रांक शुल्क, ज्याचा निर्णय पूर्णपणे राज्याचा आहे. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३४ प्रमाणे मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की ते दोघं पती-पत्नी राहत नाहीत आणि सवलत संपते. हक्कसोडपत्राची सवलत वडिलोपार्जित मालमत्तेपुरती आहे, दोघांनी घेतलेल्या फ्लॅटला ती लागू नाही. मग वरच्या उदाहरणात अर्धा हिस्सा सोडण्यासाठी ४० लाखांवर सात टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार रुपये सरकारजमा करावे लागतात. घर तेच, माणसं तीच, विक्री कोणाला झालेली नाही. ज्यांना चांगला वकील मिळाला ते हुकूमनाम्याआधी बक्षीसपत्र करून घेतात. पण हुकूमनाम्याआधी हिस्सा लिहून द्यायचा म्हणजे समोरचा नंतर फिरला तर काय, या भीतीने कोणी आधी सही करायला तयार होत नाही. दोन्हीकडचे वकील दुय्यम निबंधक कार्यालय आणि न्यायालय यांच्या तारखा एकाच दिवशी जुळवण्याच्या खटपटीत असतात. ज्यांना कोणी सांगितलं नाही ते पावणेतीन लाख भरतात, किंवा नाव तसंच ठेवतात आणि दहा वर्षांनी पुन्हा भांडायला येतात.

शहराबाहेर कर्जाचं रूप वेगळं असतं. बारामती, सांगली, जालना इकडच्या मुली येतात तेव्हा गृहकर्ज क्वचित असतं. असतं ते पतसंस्थेचं. मुलीच्या लग्नासाठी वडिलांनी पतसंस्थेतून उचललेलं, मामा आणि चुलते जामीनदार. किंवा लग्नानंतर नवऱ्याच्या दुकानासाठी काढलेलं आणि जामीनदार म्हणून सासऱ्यांची, म्हणजे मुलीच्या वडिलांची सही. सोयरीक नवी असते, जावयाला नाही कसं म्हणायचं, म्हणून सही होते. लग्न आठ महिन्यांत मोडतं. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि ती सोयरिकीबरोबर संपत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो आणि मुलीच्या बापाच्या दारात वसुली अधिकारी उभा राहतो. मुलगी घरी परत आलेली, आणि तिला टाकणाऱ्याच्या दुकानाचं कर्ज बापाच्या पगारातून कापलं जातं. अशा घरातली शांतता मी पाहिली आहे. तिथे मुलीला कोणी एक शब्द बोलत नाही, आणि तेच तिला सहन होत नाही.

सोनंतारण हा याचाच भाग. तिच्या पाटल्या आणि गंठण बँकेत ठेवून काढलेलं कर्ज नवऱ्याच्या नावावर असतं. तो फेडत नाही, लिलावाची नोटीस त्याच्या पत्त्यावर जाते. तिला कळतं तेव्हा दागिने गेलेले असतात.

स्त्रीधनाबद्दल मात्र कायदा स्पष्ट आहे आणि तो वारंवार स्पष्ट केला गेला आहे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन ही बायकोची पूर्ण मालकीची संपत्ती आहे, सासरी ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही, आणि परत न करणं हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात स्त्रीच्या सोन्याच्या बदल्यात २५ लाख रुपये द्यायला लावले. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली दंडाधिकारी स्त्रीधन परत करायचा आदेश देऊ शकतात. मुस्लिम महिलांसाठीच्या १९८६ च्या कायद्यात तर लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर मिळालेल्या सगळ्या वस्तूंवर तिचा हक्क थेट लिहिलेला आहे. अडतं ते पुराव्यापाशी. फोटोत चपलाहार दिसतो, पण तो किती तोळ्यांचा होता? पावती माहेरच्या सोनाराची आहे, पण ती जुनं सोनं मोडून केलेल्या घडणावळीची आहे. आणि मग तडजोडीच्या खोलीत सोनं हे देवाणघेवाणीचं साधन होतं: तक्रार मागे घे, दागिने देतो. जी वस्तू तिचीच आहे ती तिला परत देण्यासाठी तिच्याकडून काही मागणं चूक आहे. माझ्या सहकारी वकिलांनाही मी हे सांगत असते, आणि ते सगळ्यांना आवडत नाही.

याचा उपाय आपल्या रीतीतच आहे. आपल्याकडे लग्न ठरताना बैठक बसते आणि यादी होते. कोणी काय द्यायचं, मानपान किती, कार्यालयाचा खर्च कोणाचा, हे दोन्हीकडच्या मोठ्यांसमोर कागदावर येतं. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ मध्ये केलेले नियमही हेच सांगतात: वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींच्या वेगवेगळ्या याद्या करायच्या, वस्तूचं वर्णन आणि अंदाजे किंमत लिहायची, सह्या करायच्या. हा नियम पाळलेला माझ्या पाहण्यात जवळजवळ नाही. विवाह नोंदणी मात्र होते, कारण व्हिसाला, पासपोर्टला दाखला लागतो. महाराष्ट्राचा विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा, आपल्याच विधिमंडळाने केलेला आहे. त्या नोंदणीच्या अर्जाला भेटींची यादी जोडायची सोय केली, सोन्याचं वजन लिहायला एक रकाना ठेवला, तर पुढची निम्मी भांडणं उभीच राहणार नाहीत. हुंडा असेल तर तो यादीत कोणी लिहिणार नाही, हे मला माहीत आहे. तो परतच करायचा असतो, तीन महिन्यांच्या आत, असं तोच कायदा सांगतो.

आता न्याय्य म्हणजे काय, यावर माझं मत. सगळं निम्मं निम्मं करा असं मी म्हणत नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात निम्मं हेच न्यायाचं. तिथे कोणी काय आणलं हे शोधण्यात अर्थ नसतो. अकरा महिन्यांच्या लग्नात तसं केलं तर एखाद्याच्या वडिलांच्या आयुष्यभराच्या शिल्लकीचा अर्धा भाग जातो. लग्न जितकं कमी टिकलं, तितकं दोघांना लग्नाआधीच्या जागी परत नेण्याकडे न्यायालयाचा कल असावा. ज्याने जे आणलं ते आधी त्याला परत. मग जे दोघं एकत्र असताना वाढलं किंवा घटलं ते निम्मं. वरच्या उदाहरणात फ्लॅट ८६ लाखांना विकला गेला, तर बँकेचे ६१ लाख ३४ हजार जाऊन २४ लाख ६६ हजार उरतात. त्यातून त्याच्याकडचे १० आणि तिचे ६ लाख आधी बाजूला. राहिलेले ८ लाख ६६ हजार अर्धे अर्धे, कारण हप्ता आणि घरखर्च हे एकाच संसाराचे दोन खिसे होते. त्याला १४ लाख ३३ हजार, तिला १० लाख ३३ हजार. भाव पडला असेल तर तोटाही याच रीतीने. हा हिशेब एका कागदावर अर्ध्या तासात होतो. आज तो करायला कायदा कोणाला सांगत नाही.

कर्जाचं सूत्रही असंच असावं: ते कोणाच्या नावावर आहे यापेक्षा कशासाठी काढलं ते बघा. नवऱ्याच्या दुकानासाठीचं दुकानवाल्याचं, मग जामीनदार कोणीही असो. लग्नाआधीचं शैक्षणिक कर्ज ज्याचं त्याचं. फर्निचरचं, घराचं, दोघांच्या परदेशवारीचं क्रेडिट कार्डावरचं कर्ज दोघांचं. लग्नसमारंभाचं कर्जही दोघांचं, असं माझं ठाम मत आहे. मांडवात दोन घरं उभी होती आणि कर्ज एकट्या वधूपित्याने फेडत राहायचं, ही रीत लग्न मोडल्यावर तरी थांबायला हवी.

‘लग्नाआधीची जागा’ म्हणताना एक गोष्ट मात्र सुटता कामा नये. कोल्हापूरची नोकरी सोडून जी मुलगी नवऱ्यामागे पुण्याला आली, जिने सासू आजारी म्हणून दीड वर्ष घर सांभाळलं, तिची लग्नाआधीची जागा रिकामी राहिलेली नाही. ती नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली. तिला शून्यावर आणून सोडणं म्हणजे तिला मागे ढकलणं. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये, नवऱ्याच्या कमाईतून झालेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या बायकोच्या श्रमाचा वाटा मान्य करून निम्मा हिस्सा दिला. ते लग्न दीर्घ होतं. लहान लग्नातही ते श्रम मोजायला हवेत, त्या काळाच्या प्रमाणात. आणि जिथे मारहाण झाली, पैशाची मागणी झाली, तिथे दोघांना समोरासमोर बसवून हिशेब करायचा नाही. तिथे न्यायालयाने आदेश द्यायचा.

शेजारच्या गोव्याकडे आपण बघू शकतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा तिथे मुक्तीनंतरही चालू राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होते, जोडीदाराच्या संमतीशिवाय घर-जमीन विकता येत नाही, आणि वाटणीच्या वेळी इन्व्हेंटरी होते, म्हणजे मालमत्तेबरोबर देण्यांचीही यादी होते. ही शेवटची गोष्ट आपण उचलण्यासारखी आहे. पूर्ण सामाईकपणा मात्र मला आपल्यासाठी योग्य वाटत नाही, कारण त्यात वडिलोपार्जित वाटाही येतो आणि अगदी थोडक्यात संपलेल्या लग्नातही तो अर्धा होऊ शकतो. गोव्यातल्याच कायद्यात फक्त लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता सामाईक ठेवण्याचा पर्याय आहे. तो आपल्या गरजेच्या अधिक जवळचा आहे. आपल्याकडची कित्येक मुलं-मुली आज कॅलिफोर्नियात राहतात. तिथे पाच वर्षांच्या आत संपणाऱ्या, मूल आणि स्थावर मालमत्ता नसलेल्या, ठरावीक मर्यादेत देणी असलेल्या लग्नांसाठी वेगळी सोपी प्रक्रिया आहे. दोघांनी मालमत्ता आणि देणी यांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या आणि वाटणीच्या करारावर सह्या करायच्या.

आपल्या देशातही हा विचार नवा नाही. २०१३ मध्ये राज्यसभेने विवाह कायद्यांच्या दुरुस्तीचं विधेयक मंजूर केलं होतं, ज्यात बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून वाटा द्यायची तरतूद होती. लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या सल्लापत्रात लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची मानावी असं सुचवलं, आणि त्याचबरोबर प्रत्येक वेळी काटेकोर निम्मं करणं अन्यायाचं ठरू शकतं असंही म्हटलं. नोव्हेंबर २०२० मध्ये, नागपूरहून गेलेल्या राजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोघांनी मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं असा आदेश दिला, आणि कायमची पोटगी ठरवताना लग्न किती टिकलं हे बघावं असंही सांगितलं. विचार तयार आहे. त्याला कलमाचं रूप मिळालेलं नाही.

हे केंद्राचं काम आहे, असं उत्तर मला मिळेल. विवाह आणि घटस्फोट हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. याच सभागृहांनी १९९४ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. केंद्राने तो २००५ मध्ये दिला. आपण अकरा वर्षं आधी पोचलो होतो. तेव्हा राष्ट्रपतींची संमती मिळाली होती, आताही मागता येईल. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ मध्ये लग्नाच्या काळात झालेली मालमत्ता आणि देणी या दोन्हींची वाटणी, लग्नाचा काळ लक्षात घेऊन, करण्याचा अधिकार न्यायालयाला द्या, आणि विशेष विवाह कायद्यातही तेच कलम घाला. वेगळं राहण्याच्या काळात हप्ता कोणी भरायचा याचा अंतरिम आदेश देण्याचा अधिकारही त्यातच असू द्या.

याला वेळ लागेल. ज्याला वेळ लागत नाही ते आधी करा. मुद्रांक अधिनियमाच्या कलम ९ खाली सरकार शुल्क कमी किंवा माफ करू शकतं. महिलांची एक टक्क्याची सवलत तशीच आली. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याप्रमाणे पती-पत्नींमध्ये होणाऱ्या राहत्या घराच्या हस्तांतराला, हुकूमनाम्यापासून वर्षभरापर्यंत, २०० रुपये शुल्क लावा. त्यासाठी एक आदेश पुरतो. पतसंस्था सहकार आयुक्तांच्या अखत्यारीत येतात. घटस्फोटाचा अर्ज दाखल झाल्याचं कळवल्यावर, दुकानाचं कर्ज असेल तर आधी दुकानाच्या मालाकडे आणि कर्जदाराकडे वसुलीसाठी जा आणि मग जामीनदार सासऱ्याकडे, एवढी सूचना आयुक्त देऊ शकतात का, ते तपासून घ्या.

कौटुंबिक न्यायालयांसाठी नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आणि राज्य सरकारला आहे. पोटगीच्या दाव्यातलं देण्याघेण्याचं प्रतिज्ञापत्र परस्पर संमतीच्या अर्जालाही लागू करा. त्यात बँकेचं नाव, खातं, शिल्लक मुद्दल, सहकर्जदार आणि जामीनदार यांचे रकाने ठेवा. ज्या बँकेचं कर्ज आहे तिला नोटीस जावी आणि सहकर्जदाराला मोकळं करणार की नाही, कोणत्या अटीवर, हे तिने न्यायालयाला लेखी कळवावं. ‘नाही’ असं उत्तर आलं तरी चालेल. निदान सही करणाऱ्या मुलीला किंवा मुलाला खरं काय ते त्या दिवशी कळेल. आपल्या कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक आहेत आणि त्यांतले अनेक फार मनापासून काम करतात. त्यांच्या शेजारी आठवड्यातून दोन दिवस एखादा निवृत्त बँक अधिकारी बसवा. पुण्यात, नाशकात, नागपुरात अशी माणसं मानधनाशिवायही तयार होतील, याची मला खात्री आहे.

या मागण्यांचा कलमवार मसुदा मी आणि माझ्या काही सहकारी वकील मैत्रिणींनी तयार केला आहे. येत्या अधिवेशनाआधी तो विधी व न्याय विभागाकडे आणि दोन्ही सभागृहांच्या सर्व पक्षांच्या गटनेत्यांकडे आम्ही पाठवू. कोणत्याही सदस्याने बोलावलं तर कागद घेऊन येऊ. मुद्रांक शुल्काचा प्रश्न कोणी तारांकित प्रश्न म्हणून विचारणार असेल, तर त्याची माहिती आजही देऊ शकते.

आपली विश्वासू,
कौटुंबिक न्यायालयात वकिली करणारी एक वकील,
पुणे